बारावी कॉमर्स, डायव्हमास्टर. प्रथमोपचार शिकवू शकेन का?

प्रश्न : मी मालवणचा. सीझनला पर्यटकांना किल्ल्याच्या मागे स्कूबाला नेतो. गेल्या वर्षी डायव्हमास्टरचं कार्ड मिळालं. आता इन्स्ट्रक्टर व्हायचं मनात आहे, तर सांगतात की आधी प्रथमोपचाराचा इन्स्ट्रक्टर हो. मी बारावी कॉमर्स. डॉक्टर सोडा, कंपाउंडरसुद्धा नाही. सीपीआर मी शिकवायचा आणि लोकांनी माझ्याकडून शिकायचा, हे बरोबर आहे का? की ही आणखी एका कोर्सची फी?
– एक वाचक, मालवण

उत्तर : फीचा संशय रास्त आहे. डायव्हिंगच्या धंद्यात कार्डं पुष्कळ, प्रत्येकाला पैसे पडतात आणि त्यांतली काही पाकीट जाड करण्यापलीकडे काही करत नाहीत. हे कार्ड मात्र घ्याच. उरलेली कार्डं तुमच्यासोबत पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कामाची. हे किनाऱ्यावरच्या कुणाच्याही कामाचं.

आधी नियम सांगतो. तुमचं कार्ड पाडी या संस्थेचं असावं असं धरून चालतो, कारण तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेपासून अंदमानापर्यंत आपल्याकडे तिचाच पसारा मोठा आहे. पाडीच्या रेस्क्यू डायव्हरला आणि डायव्हमास्टरला गेल्या 24 महिन्यांत घेतलेलं सीपीआर आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लागतं. म्हणजे तुम्ही ते घेतलेलं आहे. इन्स्ट्रक्टरच्या कोर्सला बसताना खात्यावर 60 डाइव्ह लागतात, परीक्षेला बसताना 100. वर्षाच्या आतला डॉक्टरचा दाखला लागतो आणि परीक्षेपूर्वी ‘इमर्जन्सी फर्स्ट रिस्पॉन्स’चा इन्स्ट्रक्टर असावं लागतं. ही पाडीची भगिनी संस्था. एसएसआय या दुसऱ्या डायव्हिंग संस्थेचा असाच कार्यक्रम ‘रिअ‍ॅक्ट राइट’ नावानं चालतो. वयाची अट 18 वर्षांची. डॉक्टरकीची पदवी कुठेही मागत नाहीत. गंमत अशी, की पोहता येण्याचीसुद्धा अट नाही. घरात कुणी शिक्षिका किंवा नर्स असेल, तर ती पाण्यात पाय न बुडवता तुमच्या शेजारी बसून हाच कोर्स करू शकते.

आता ‘मी शिकवणं बरोबर का’ याकडे. डॉक्टरला जे येतं त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढंही तुम्हाला शिकवायचं नाही. रोगाचं निदान, औषध, इंजेक्शन यांतलं काहीच नाही. माणूस हाक मारल्यावर ओ देतो का, श्वास चालू आहे का, रक्त भळाभळा वाहतंय का, एवढं बघायचं आणि 108ची गाडी येईपर्यंत त्याला तगवायचं. हे ज्ञान एका दुपारी सांगून होतं. अवघड भाग वेगळाच आहे. समोर माणूस निपचित पडला की भोवती पन्नास जण जमतात आणि त्यांतला एकही खाली बसत नाही. ‘हात लावू नको, पोलीस येऊ दे’ म्हणणारा एक असतो, ‘पाणी पाजा’ म्हणणारा दुसरा. त्या पन्नासांतल्या एकाचे तरी गुडघे जमिनीला टेकावेत, यासाठी तुम्ही शिकवायचं. त्यासाठी लागतो धीर, आणि घाबरलेल्या माणसाशी बोलण्याची सवय. पोहता न येणाऱ्या, जन्मात पहिल्यांदा तोंडात रेग्युलेटर धरलेल्या माणसाला तुम्ही दिवसातून किती वेळा शांत करता? हे काम तुम्ही आजच करता आहात.

इन्स्ट्रक्टरच्या कोर्सात नवं वैद्यक फार थोडं असतं. वर्ग कसा घ्यायचा, प्रात्यक्षिक कसं दाखवायचं, शिकणाऱ्याची चूक कशी सुधारायची, हेच त्यात मुख्य. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. छाती दाबणाऱ्या माणसाच्या एका मिनिटात सहा चुका दिसतात. नवा शिक्षक सहाही सांगतो आणि तो माणूस हात काढून घेतो. जाणता शिक्षक एकच सांगतो, ‘कोपर सरळ’, आणि पुन्हा करायला लावतो. मिनिटाला 100 ते 120 दाब आणि खोली 5 ते 6 सेंटिमीटर, हे आकडे पाठ करून घेण्यात अर्थ नाही, ते हातात बसावे लागतात. मोबाइलवर मेट्रोनोम लावा. डबलबारी भजनाच्या पखवाजवाल्याला 110चा ठेका एकदा ऐकवला की तो वर्गातल्या सगळ्यांना लयीत आणेल.

आता तुमच्या धंद्याशी घट्ट बांधलेला मुद्दा, त्यावर जरा थांबतो. शहरात सीपीआरची जी शिबिरं होतात त्यांत बहुतेक ठिकाणी फक्त छाती दाबायला शिकवतात. इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं 2017मध्ये सामान्य माणसासाठी जी पद्धत आखली, तीही फक्त दाबाचीच आहे. ऑफिसात किंवा रेल्वे फलाटावर धाडकन कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी ती योग्यच. त्याचं हृदय अचानक थांबलेलं असतं, रक्तात प्राणवायू अजून बऱ्यापैकी असतो, तो फिरवत ठेवला तरी मेंदूला काही मिनिटं मिळतात. तोंडाला तोंड लावायच्या किळसेनं लोक मागे हटण्यापेक्षा निदान दाब तरी देतील, हा हिशोब त्यामागे आहे.

बुडालेल्या माणसाचं उलट असतं. त्याचा श्वास आधी कोंडतो, रक्तातला प्राणवायू संपतो आणि मग उपासमारीनं हृदय थांबतं. नुसती छाती दाबली तर प्राणवायू नसलेलं रक्तच फिरतं. म्हणून पाण्यातून काढलेल्या माणसाला आधी श्वास. युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सुरुवातीला 5 श्वास सांगतात, अमेरिकेतली 2. त्यानंतर 30 दाब आणि 2 श्वास हे चक्र. कधी कधी पोहोचताक्षणी दिलेल्या त्या पहिल्या श्वासांवरच माणूस परत येतो, कारण हृदय पूर्ण थांबायचं बाकी असतं. शहरातल्या शिबिरात शिकून आलेला पर्यटक मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर तुम्हाला सांगेल, ‘श्वासबीस आता देत नाहीत, फक्त दाबायचं.’ त्याचं ज्ञान खोटं नाही, पण ते इथलं नाही. हा फरक मराठीत समजावून सांगणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर कमी आहेत, आणि तुम्ही इन्स्ट्रक्टर व्हावं असं मला वाटतं ते मुख्यतः यासाठी.

(सरावासाठी जी पुतळी वापरतात तिचाही पाण्याशी संबंध आहे. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा खेळणी बनवणारा आस्मुंड लेरडाल यानं 1960 साली ती आणली, तोंडाने श्वास देणं शिकवण्यासाठी. त्याचा स्वतःचा लहान मुलगा बुडता बुडता वाचला होता. पुतळीला त्यानं जो चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा, असं परंपरेनं सांगतात.)

दुसरा विषय ऑक्सिजनचा. तुमच्याकडचे बहुतेक पाहुणे पाच-सात मीटर खोलीवर पंधरा-वीस मिनिटं असतात. नायट्रोजन अंगात साठून सांधे धरणारा ‘बेंड्स’ त्यांना होण्याची शक्यता फार थोडी. त्यांच्या बाबतीत भीती असते ती घाबरून श्वास रोखून वर उसळण्याची. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तिथे भरलेलं फुप्फुस तसंच बंद ठेवून वर आणलं तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला एवढी खोलीही लागत नाही, भरल्या श्वासानं दीड मीटरवरून वर उसळणं पुरेसं ठरू शकतं. हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूकडे गेला की माणूस वर आल्यावर दहा मिनिटांच्या आत बेशुद्ध होतो किंवा एक बाजू लुळी पडते. होडीवरच्या लोकांना वाटतं चक्कर आली, कांदा हुंगवा. शिवाय पन्नाशीच्या पाहुण्याचं हृदय असतंच. जगभरात मोठ्या वयाच्या डायव्हरांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे.

या सगळ्यांत सारखाच उपयोगी पडणारा उपाय म्हणजे शंभर टक्के ऑक्सिजन, शक्य तितक्या लवकर, माणसाला सपाट आडवं झोपवून. डोकं खाली आणि पाय वर करायची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे. ऑक्सिजन का? श्वासातला नायट्रोजन बंद केला की अंगातला नायट्रोजन बाहेर पडायला वाट मिळते, बुडबुडा आक्रसतो आणि ज्या पेशींचं रक्त अडलंय त्यांना थोडी अधिक रसद पोहोचते. या विषयावर सगळ्यांत जास्त काम ‘डायव्हर्स अ‍ॅलर्ट नेटवर्क’ म्हणजे डॅननं केलं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. पीटर बेनेट यांनी 1980मध्ये ती संस्था सुरू केली. डायव्हरांसाठी ऑक्सिजन देणं, मज्जासंस्थेची झटपट तपासणी आणि समुद्री जिवांच्या दंशावरचा प्रथमोपचार असे तिचे स्वतंत्र कोर्स आहेत. पाडीचं प्रथमोपचाराचं कार्ड झाल्यावर लगेच इकडे वळा असं मी सुचवेन.

ऑक्सिजन शिकवताना पुस्तकात नसलेला हिशोबही शिकवा. आपल्याकडचा ‘बी टाइप’ सिलिंडर साधारण 1500 लिटरचा. पिशवीच्या मास्कमधून मिनिटाला 15 लिटर सोडला तर 100 मिनिटं पुरतो. मालवणहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत तो जाईल. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात डायव्हरांच्या उपचाराचा दाबकक्ष आहे, पण मुंबई रस्त्यानं 500 किलोमीटरवर. म्हणजे वाटेत ऑक्सिजन कोण बदलणार, हे माणूस होडीत असतानाच फोनवर ठरायला हवं. आणि बेंड्सचा संशय असलेल्या माणसाला ‘कोल्हापूरला मोठं हॉस्पिटल आहे’ म्हणून आंबोलीचा घाट चढवून नेऊ नका. आंबोली 690 मीटरवर आहे, वर हवेचा दाब कमी, बुडबुडे मोठे होतात. अशा रुग्णाला हेलिकॉप्टरनं नेलं तरी 300 मीटरच्या खालूनच उडायला सांगतात.

आणखी एक, होडीवरचंच. इंजिनाला हात लावलेला खलाशी तसाच येऊन सिलिंडरची चावी फिरवतो. ग्रीस, डिझेल आणि दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन यांचं अजिबात जमत नाही, आग लागते. बिडी तर नकोच. वर्गात हे एकदा सांगून भागत नाही. साबणानं हात धुवायला लावा, मगच चावी हातात द्या.

प्रश्न : पावसाळ्यात आमचं काम बंद असतं. तेव्हा गावात हे शिकवता येईल का? लोक शिकतील का?

उत्तर : मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत जलपर्यटन बंद असतं, तो काळ याला उत्तमच. शाळा सुरू झालेल्या असतात, मासेमारी बंदीमुळे ट्रॉलरवाले घरी असतात. पुस्तकं इंग्रजीत असली तरी वर्ग मालवणीत घ्या.

लोक शिकतील, पण त्यांच्या डोक्यात जागा रिकामी नसते, आधीचं काहीतरी भरलेलं असतं. बुडालेल्याला पालथा घालून पोट दाबायचं, उलटा धरून फिरवायचं, म्हणजे पाणी निघतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर बुडालेल्याचं अंग मिठात पुरून ठेवलं की तो जिवंत होतो असं फिरतं आणि खरोखर तसं केल्याच्या बातम्या येतात. फीट आली की चप्पल, भाजलं की टूथपेस्ट, फुरसं चावलं की घट्ट दोरी. यांवर हसू नका. हसलात की समोरची म्हातारी तुमचं पुढचं काही ऐकणार नाही. पोट दाबण्याबद्दल एवढंच सांगा की त्यानं पोटातलं वर येतं आणि श्वासनलिकेत जातं, शिवाय ज्या दोन मिनिटांत श्वास द्यायचा ती दोन मिनिटं त्यात जातात. कारण सांगितलं की कोकणी माणूस ऐकतो. नुसता हुकूम दिला की वाद घालतो, आणि वादात तुम्ही जिंकणार नाही.

लाजेचा प्रश्नही येईल. पुतळीवर वाकून श्वास द्यायचं म्हटलं की मागच्या रांगेत खिदळणं सुरू होतं. बायकांचा वर्ग वेगळा घ्या, शिकवायला बाई मिळाली तर उत्तम. सरपंचांना पहिल्यांदा गुडघ्यावर बसवा. त्यांनी केलं की बाकीचे करतात.

मच्छीमारांच्या वर्गात सुरुवात सीपीआरनं करू नका. पाकटाच्या काट्यानं करा, कारण तो प्रत्येकानं पाहिलेला किंवा सोसलेला असतो. काटा लागलेला पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. वेदना झपाट्यानं उतरते. पाणी किती गरम हे जखमी पायानं ठरवायचं नाही, तो बधिर असतो आणि पोळतो. आधी दुसऱ्या पायानं बघायचं. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपटायचा नाही, तसाच हलू न देता बांधून न्यायचा. ऑस्ट्रेलियाचे टीव्हीवरचे प्राणीतज्ज्ञ स्टीव्ह आयर्विन 2006मध्ये पाकटाच्या काट्यानं गेले, तो काटा छातीत लागला होता. हे नाव पोरांना माहीत असतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारी निळी ‘ब्लू बॉटल’ चावली तर तंतू समुद्राच्याच पाण्यानं धुऊन काढायचे आणि मग गरम पाणी. व्हिनेगर सरसकट नको: ऑस्ट्रेलियात ते बॉक्स जेलीफिशवर लावतात, ब्लू बॉटलवर लावत नाहीत. लघवीचा उपाय कुणीतरी सुचवेलच. त्याचा उपयोग नाही.

कमाईचं म्हणाल तर गावातून फार मिळणार नाही. होमस्टेवाले, हॉटेलं, शाळेच्या सहलींचे आयोजक पैसे देतील. कुडाळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात जाणार असाल तर आधी एक विचारून घ्या. 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाने कायद्याचं कलम 45 दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी मागायचं आणि ती पेटी ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे राज्य सरकारनं मान्य केलेलं प्रमाणपत्र लागायचं. तिथे सहसा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं प्रमाणपत्र मागतात. तुमच्या वर्गातून कामगार चांगला शिकेल, पण ते कार्ड निरीक्षकाला चालेलच असं धरू नका आणि कारखान्यालाही तसं आधीच सांगा.

प्रश्न : मी किंवा मी शिकवलेल्या माणसानं मदत केली आणि तरी पेशंट गेला, तर केस होते का?

उत्तर : ज्याला सीपीआरची गरज आहे त्याचं हृदय आणि श्वास थांबलेला असतो. सीपीआर देऊनही बरेच जण वाचत नाहीत, आणि हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगा. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही हेही सांगा, कारण नीट दाब देताना ती मोडू शकते.

मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. किनाऱ्यावर ते लागू नाही. तिथे उपयोगी पडतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम 30: संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला मात्र आधी विचारायचं, ‘मी प्रथमोपचार शिकलोय, मदत करू का?’ आणि जेवढं शिकलो तेवढंच करायचं. खिशातली गोळी द्यायची नाही.

पण तुमच्या स्वतःच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. पैसे घेऊन ज्याला तुम्ही पाण्यात नेलं, त्याच्यासाठी तुम्ही वाटसरू नाही. त्याची जबाबदारी तुमच्यावर आधीपासूनच आहे. तिथे ‘मदत करताना चुकलास’ यापेक्षा ‘होडीवर ऑक्सिजन का नव्हता, वैद्यकीय फॉर्म का भरून घेतला नाही, दम्याच्या माणसाला का उतरवलं’ हे विचारलं जाईल. फॉर्म मराठीतही छापून घ्या आणि किनाऱ्यावर, होडीत बसायच्या आधी भरून घ्या. पैसे भरून लाइफ जॅकेट चढवलेला माणूस मग कुठल्याच प्रश्नाला ‘होय, मला त्रास आहे’ असं उत्तर देत नाही.